पीआयडी की फझी? पीएच नियंत्रणाच्या एका लूपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धातूच्या सुट्या भागांचे पिकलिंग (आम्लात बुडवून साफ करणे) आणि प्लेटिंग करणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील हे प्रकरण आहे. पाण्याचा पीएच सांभाळायला नेहमीचा पीआयडी कंट्रोलर पुरेल, की शब्दांतल्या नियमांवर चालणारा फझी कंट्रोलर लागेल, हा इथला प्रश्न होता. कारखाना, पुरवठादार आणि माणसे यांची ओळख काढून टाकली आहे.

पिकलिंगच्या आणि रिन्सच्या टाक्यांमधून येणारे आम्लधर्मी पाणी आधी एका साठवण टाकीत जमा होते. तिथून ते ढवळणी बसवलेल्या उदासिनीकरण टाकीत येते. इथे त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडतात आणि पुढच्या सेटलिंग टाकीत धातूंचा गाळ खाली बसतो. उदासिनीकरण टाकीचा सेटपॉइंट, म्हणजे राखायचे मूल्य, पीएच ८.५ होता, कारण जस्त आणि क्रोमियम हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसायला हा पट्टा सोयीचा पडतो. बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादा ६ ते ९ अशी होती. म्हणजे सेटपॉइंटच्या खाली अडीच एककांची मोकळीक आणि वर फक्त अर्ध्या एककाची. शिवाय पीएच फार चढला की हे दोन्ही धातू पुन्हा विरघळू लागतात, त्यामुळे ‘जरा जास्त कॉस्टिक गेले तर काय बिघडते’ असे म्हणायची इथे सोय नव्हती.

नियंत्रणासाठी पीएलसीतला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकातला) तयार पीआयडी ब्लॉक वापरलेला होता. चूक, म्हणजे सेटपॉइंट आणि प्रत्यक्ष माप यांतला फरक, घेऊन पीआयडी तीन गोष्टींवरून आउटपुट ठरवतो: आत्ताची चूक (प्रपोर्शनल), साचलेली चूक (इंटिग्रल) आणि चूक बदलण्याचा वेग (डेरिव्हेटिव्ह). टाकीत पीएच प्रोब, कॉस्टिकच्या लाइनवर एकच कंट्रोल व्हॉल्व्ह.

अडचण

ऑटोला टाकले की लूप, म्हणजे प्रोब-कंट्रोलर-व्हॉल्व्हची ही साखळी, हंटिंग करायचा, म्हणजे सेटपॉइंटच्या वर-खाली झोके घ्यायचा. पीएच ५ च्या खाली जायचा, मग उसळून ११ च्या आसपास, पुन्हा खाली. गेन (चुकीला दिलेल्या प्रतिसादाचा जोर) कमी केला की हंटिंग थांबायचे, पण आम्लाचा एखादा बाथ डंप झाला (टाकीभर आम्ल एकदम सोडले गेले) की पीएच ३ पर्यंत घसरून तिथेच रेंगाळायचा. शेवटी प्रत्येक पाळीचा ऑपरेटर लूप मॅन्युअलला घ्यायचा आणि ट्रेंडकडे (पडद्यावरच्या पीएचच्या आलेखाकडे) बघत व्हॉल्व्ह हाताने हलवायचा. रात्रपाळीचा एक अनुभवी ऑपरेटर हे काम कोणत्याही ट्यूनिंगपेक्षा चांगले करत होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पीएच हे लॉगॅरिथमिक माप आहे, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. शुद्ध पाण्यातले तीव्र आम्ल धरले तर पीएच ४ ला आणि पीएच ७ ला टायट्रेशन वक्राचा (किती कॉस्टिक घातले की पीएच किती होतो ते दाखवणाऱ्या वक्राचा) उतार सुमारे ५०० पटींनी वेगळा असतो. म्हणजे कॉस्टिकचा तोच थेंब पीएच ७ पाशी ५०० पट मोठा धक्का देतो. एका ठिकाणी बेताचा असलेला गेन दुसऱ्या ठिकाणी एक तर स्फोटक ठरतो, नाहीतर निरुपयोगी. प्रत्यक्ष सांडपाण्यात बायकार्बोनेट आणि विरघळलेले धातू असतात, ते कॉस्टिक खातात आणि वक्र थोडा सौम्य होतो. पण किती सौम्य, ते त्या वेळी कोणती प्लेटिंग लाइन चालू आहे त्यावर ठरते. म्हणजे प्रक्रिया नॉनलिनिअर आहेच, आणि त्या नॉनलिनिअरपणाचा आकारही दिवसभर बदलत राहतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत साधा: पीआयडी नीट ट्यून करणे. रिले टेस्ट, म्हणजे ओस्ट्रॉम आणि हेग्लंड यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत, घेऊन लूप ज्या गेनला आणि ज्या वारंवारतेने सतत झोके घेऊ लागतो ती अंतिम वारंवारता आणि तो अंतिम गेन काढायचे आणि त्यावरून आकडे ठरवायचे. पण एका कामकाज-बिंदूवर काढलेले आकडे बाकीच्या वक्रावर कसे चालणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरा पर्याय रेखीय केलेल्या चुकीवर चालणाऱ्या पीआयचा (डेरिव्हेटिव्ह भाग नसलेल्या पीआयडीचा). पीएचमधला फरक सरळ कंट्रोलरला द्यायचा नाही. टायट्रेशन वक्राच्या आधारे ‘सेटपॉइंट गाठायला अजून किती कॉस्टिक लागेल’ हे काढायचे आणि तो आकडा चूक म्हणून द्यायचा. वक्र बरोबर असेल तर कंट्रोलरला समोरची प्रक्रिया जवळजवळ सरळ रेषेसारखी दिसते. हे तंत्र जुने आहे आणि साध्या पीएलसीतही बसते.

तिसरा पर्याय पुरवठादाराने आणला: फझी कंट्रोलर. पीएचची चूक आणि ती बदलण्याचा वेग असे दोन इनपुट, प्रत्येकी सात लेबले (‘फार कमी’, ‘थोडे जास्त’ अशी), म्हणजे ४९ नियम, आणि आउटपुट म्हणून व्हॉल्व्ह किती उघडायचा-मिटायचा त्याची वाढ किंवा घट. एखादा आकडा कोणत्या लेबलात किती बसतो हे सांगणाऱ्या मेंबरशिप फंक्शनचे आकार जेनेटिक अल्गोरिदमने, म्हणजे उत्क्रांतीसारख्या निवडीने उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमने, ठरवलेले. सादरीकरणात सत्तरच्या दशकातल्या ममदानींच्या वाफेच्या इंजिनावरील प्रयोगाचा आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या सेंदाईच्या भुयारी रेल्वेचा दाखला होता. दाखले खरे आहेत. दोन्हींत जाणत्या माणसाची हाताळणी नियमांत उतरवलेली होती. आमच्याकडेही तसा जाणता माणूस होता, पण पुरवठादाराच्या ४९ नियमांपैकी एकही त्याला विचारून लिहिलेला नव्हता.

चौथा पर्याय न्यूरल नेटवर्कचा: हवा तो पीएच देऊन लागणारे कॉस्टिक सांगणारे उलटे मॉडेल. हा लवकर बाजूला पडला. साठवलेले ट्रेंड भरपूर होते, पण बहुतेक मॅन्युअलमधले. त्यावर शिकवलेले नेटवर्क प्रक्रिया शिकण्याऐवजी ऑपरेटरच्या सवयी शिकते. आणि बाथ डंपचे प्रसंग, जिथे खरी मदत हवी, ते नोंदींत थोडेच होते. शिकवलेल्या पट्ट्याबाहेर नेटवर्क काय करेल याची हमी देता येत नाही आणि या टाकीत पट्ट्याबाहेर जाणे हाच तर प्रश्न होता.

तुलनेचा तक्ता आणि त्यातली खोट

निर्णयाचा पहिला खरा क्षण पुरवठादाराच्या तुलना-तक्त्यावर आला. सिम्युलेशनमध्ये फझीचा आयटीएई, म्हणजे वेळेने वजन दिलेल्या चुकीची बेरीज, पीआयडीच्या तुलनेत खूपच कमी दिसत होता. व्यवस्थापन त्याच बैठकीत होकार द्यायच्या तयारीत होते. नियंत्रण विभागाने दोन आठवडे मागून घेतले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच, कारण त्या तक्त्यात तुलना दोन कंट्रोलरची नव्हतीच.

तक्त्यातला पीआयडी झिग्लर-निकोल्सच्या नियमाने ट्यून केलेला होता. १९४२ च्या या नियमाचे उद्दिष्टच असे की धक्क्यानंतरची प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या चौथ्या हिश्शावर यावी. म्हणजे तो मुळातच आक्रमक ट्यूनिंग देतो. सेटपॉइंटच्या वर फक्त अर्धे एकक मोकळीक असलेल्या पीएच लूपला ते कधीच कोणी लावणार नाही. उलट फझीचे आकार जेनेटिक अल्गोरिदमने ज्या धक्क्यावर (येणाऱ्या पाण्यातल्या अचानक बदलावर) सुधारले, त्याच धक्क्यावर त्याला गुण दिले होते. पेपर आधीच हातात देऊन परीक्षा घेण्यासारखे हे झाले. शिवाय पीआयडीमध्ये अँटी-विंडअप नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही इंटिग्रलमध्ये चूक साचत राहणे (विंडअप) अडवणारा कोड नव्हता. फझीचे आउटपुट वाढ-घटीच्या रूपात असल्यामुळे, आणि ते मर्यादेला अडवलेले असल्यामुळे, त्याला विंडअप होतच नव्हता. तक्त्यातल्या फरकाचा मोठा भाग या एका ओळीच्या कोडचा होता.

सिम्युलेशनमधल्या टाकीत डेड टाइम (कॉस्टिक सोडल्यापासून परिणाम दिसू लागेपर्यंतचा वेळ) नव्हता, प्रोबचा उशीर नव्हता, व्हॉल्व्ह अडकत नव्हता आणि टायट्रेशन वक्र कायम एकच होता.

मग विभागाने तोच जेनेटिक शोध, तेच मॉडेल आणि तेवढाच संगणकीय वेळ पीआयडीच्या तीन आकड्यांना आणि रेखीय पीआयच्या दोन आकड्यांना दिला. अँटी-विंडअप बसवला. मॉडेलमध्ये डेड टाइम आणि व्हॉल्व्हचे अडकणे घातले. गुण देण्यासाठी असे धक्के निवडले जे शोधाच्या वेळी कोणत्याही कंट्रोलरने पाहिलेले नव्हते. साधा पीआयडी तरीही मागे राहिला, पण आधीइतका नाही. रेखीय पीआय आणि फझी एकमेकांच्या इतके जवळ आले की निकाल धक्क्याच्या निवडीवर फिरू लागला.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. चूक आणि चुकीचा वेग घेऊन वाढ-घट देणारा फझी कंट्रोलर म्हणजे रचनेने एक पीआयच असतो. त्रिकोणी फंक्शन समान अंतरावर असली, नियमांचा तक्ता सरळ असला आणि गुणाकार-बेरजेची पद्धत वापरली, तर तो गणिताने हुबेहूब रेखीय पीआय होतो. फझीची ताकद त्या तक्त्याला दिलेल्या वाकात असते. आणि तो वाक कुठून आणायचा, ही या लूपपुरती प्रक्रियेच्या ज्ञानाची गोष्ट आहे. टायट्रेशन वक्र तेच ज्ञान दुसऱ्या दाराने देतो. या घटनाक्रमातून घेण्यासारखी मुख्य गोष्ट मला हीच वाटते. दोन्ही बाजूंना सारखी माहिती आणि सारखी मेहनत दिली नाही, तर तुलना पद्धतींची न राहता माहितीची होते.

कंट्रोलरच्या आधी व्हॉल्व्ह

दुसरा निर्णय-क्षण एका साध्या हिशेबातून आला. येणारे पाणी पीएच २ चे असेल तर त्यात आम्ल सुमारे ०.०१ मोल प्रति लिटर असते. बफर नाही असे धरले, तर पीएच ६ ते ९ हा पूर्ण स्वीकार्य पट्टा ओलांडायला साधारण ०.००००११ मोल प्रति लिटर कॉस्टिक पुरते. म्हणजे एकूण मात्रेच्या सुमारे ९०० पैकी १ भाग. डोझिंग याहून ढोबळ असेल, तर पट्ट्यात स्थिर राहणे कोणत्याही कंट्रोलरला जमणार नाही, मग तो पीआयडी असो, फझी असो की आणखी काही.

व्हॉल्व्हची चाचणी घेतली. लूप मॅन्युअलला ठेवून आउटपुट बारीक पायऱ्यांनी वाढवत गेले आणि प्रवाह कधी हलतो ते पाहिले. कित्येक पायऱ्या व्हॉल्व्ह जागचा हलत नव्हता, मग एकदम उडी मारत होता. लूप हंटिंग का करतो याचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. अडकणारा व्हॉल्व्ह आणि इंटिग्रल क्रिया एकत्र आल्या की लाटा सहसा तयार होतातच, नुसत्या ट्यूनिंगने मूळ कारण जात नाही.

प्रोबवर हायड्रॉक्साइडचा थर बसलेला होता. स्वच्छ प्रोब सेकंदांत प्रतिसाद देतो, थर बसलेला मिनिटे घेऊ शकतो. एवढ्या वेळात कॉस्टिक किती जादा जाते, हे वेगळे सांगायला नको.

केलेली कामे

मोठा व्हॉल्व्ह दुरुस्त करून ढोबळ मात्रेसाठी ठेवला आणि बारीक मात्रेसाठी शेजारी एक छोटा डोझिंग पंप बसवला. लूप लहान पंपावर चालतो, आणि पंप आपल्या पट्ट्याच्या मध्याजवळ राहावा म्हणून मोठा व्हॉल्व्ह हळूहळू सरकतो. प्रोबची जागा बदलून ढवळणीच्या प्रवाहात आणली आणि साफसफाईचे वेळापत्रक लावले. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या लाइन चालू असतानाच्या नमुन्यांचे टायट्रेशन करून वक्र काढले.

रिअल-टाइमच्या बाजूने एक दोष सापडला. पीआयडी ब्लॉक पीएलसीच्या मुक्त स्कॅनमध्ये, म्हणजे सगळा प्रोग्रॅम एकामागून एक चालवणाऱ्या फेरीत, चालत होता. स्कॅनचा वेळ इतर कामांनुसार कमी-जास्त व्हायचा, पण ब्लॉकला तो स्थिर आहे असे सांगितलेले होते. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह दोन्ही सॅम्पल टाइमवर अवलंबून असल्याने ट्यूनिंग नकळत हलत होते. ब्लॉक ठरावीक अंतराने हमखास चालणाऱ्या टाइम्ड इंटरप्टमध्ये हलवला, सॅम्पल टाइम (दोन गणनांमधले अंतर) १ सेकंद ठेवला.

फझीच्या बाबतीत ‘पीएलसीला हे झेपेल का’ अशी शंका होती. एका सेकंदाच्या लूपसाठी ४९ नियमांचे गणित अवजड नाही. पण याच पीएलसीवर सुरक्षा-इंटरलॉक (धोका दिसताच यंत्रे थांबवणारी व्यवस्था) होते, आणि तिथे सर्वांत वाईट परिस्थितीत किती वेळ लागतो हेच बघायचे असते. सरासरी वेळ उपयोगाचा नाही. म्हणून नियमांचे गणित बाहेर एकदा करून त्याचा दोन मितींचा तक्ता बनवला. पीएलसी फक्त चार शेजारी आकडे उचलून त्यांच्यामधले मूल्य काढते, दर वेळी तेवढ्याच वेळात. मोटरच्या करंट लूपसारखी जागा असती, जिथे एका फेरीला मायक्रोसेकंदांतच उत्तर लागते, तर हा विचार पहिल्या पानावर आला असता.

नंतर प्रत्यक्ष टाकीवर तुलना केली. ‘या आठवड्यात हा, पुढच्या आठवड्यात तो’ असे केले नाही, कारण पाण्याचा स्वभाव आठवड्यागणिक बदलतो. काही तासांचे तुकडे पाडून कोणता कंट्रोलर कधी चालेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. अदलाबदल धक्का न लागता व्हावी याची काळजी घेतली. पडद्यावर ऑपरेटरला फक्त ‘क’ आणि ‘ख’ दिसत. मोजायच्या गोष्टी आधीच लिहून ठेवल्या: पट्ट्याबाहेर गेलेला वेळ, पाण्याच्या प्रमाणात खर्च झालेले कॉस्टिक, पंप आणि व्हॉल्व्हची एकूण हालचाल, आणि ऑपरेटरने लूप किती वेळा मॅन्युअलला घेतला. शेवटचे माप कोणत्याही पाठ्यपुस्तकात सहसा नसते, पण कंट्रोलर पुढच्या वर्षी चालू असेल की नाही हे तेच सांगते.

काय घडले

सर्वांत मोठी सुधारणा व्हॉल्व्ह, पंप, प्रोब आणि टाइम्ड इंटरप्ट यांनीच केली. जुन्या पीआयडीवरही हंटिंग थांबले, फक्त तो मंद राहिला.

रोजच्या कामात रेखीय पीआय आणि फझी यांच्या ट्रेंडमध्ये फरक ओळखता येत नव्हता. फरक टोकाच्या प्रसंगांत दिसला. बाथ डंप झाल्यावर पीएच परत चढू लागला की फझी आधी हात आखडता घ्यायचा, कारण चढण्याचा वेग त्याच्या नियमांतच होता. प्लेटिंगची एक लाइन बंद झाली की टायट्रेशन वक्र बदलायचा, आणि रेखीय पीआय जुन्या वक्रावर विसंबून ९ च्या वर जायचा. दुसरीकडे, फझीचा आउटपुट शांत पाण्यातही बारीक चाळवाचाळव करत राहायचा आणि पंपाची एकूण हालचाल वाढवायचा. प्रोबवर थर साचला तेव्हा दोघेही सारखेच फसले. उशिरा येणाऱ्या मापाला फझी नियमांतही इलाज नाही.

अंतिम निर्णय घेताना एक प्रश्न विचारला गेला: मध्यरात्री लूप बिघडला तर पाळीवरचा तंत्रज्ञ काय करेल? पी आणि आयचे आकडे त्याला ओळखीचे होते. ४९ नियमांच्या तक्त्याला हात लावायला कोणी धजावत नव्हते, आणि पुरवठादाराला बोलावण्यात जाणारा वेळ टाकीला परवडणारा नव्हता. म्हणून मुख्य लूप रेखीय पीआयचाच ठेवला. त्याच्या वर एक छोटा फझी थर बसवला: तीन बाय तीन, नऊ नियम, काम एकच, पीआयचा गेन ठरलेल्या दोन मर्यादांमध्ये कमी-जास्त करणे. हे नऊ नियम त्या रात्रपाळीच्या ऑपरेटरबरोबर बसून लिहिले. त्याचा पहिला नियम असा होता: पीएच सेटपॉइंटच्या खाली असला तरी झपाट्याने चढत असेल तर कॉस्टिक आताच कमी करा. डंपच्या वेळी पुरवठादाराच्या फझीने जे चांगले केले होते, ते नेमके हेच होते.

वरचा थर बंद पडला तर गेन शेवटच्या मूल्यावर न राहता खालच्या मर्यादेवर येतो. मंद लूप पट्ट्याबाहेर रेंगाळतो, पण उसळत नाही, आणि त्याच्यावर नजर ठेवायला माणूस असतो. बदलानंतर लूप मॅन्युअलला घेण्याचे प्रसंग मुख्यतः प्रोबच्या साफसफाईपुरते उरले.

काय वेगळे करता आले असते

क्रम उलटा हवा होता. व्हॉल्व्हची चाचणी आणि टायट्रेशन वक्र या दोन गोष्टी पुरवठादाराला बोलावण्याआधी झाल्या असत्या, तर सादरीकरणातल्या तक्त्यावर खर्ची पडलेली चर्चा वाचली असती. ९०० पैकी १ भाग हा हिशेब कागदाच्या एका बाजूवर बसतो. निविदेतच एक अट घालता आली असती: तुलना दाखवायची असेल तर दोन्ही कंट्रोलरना एकच ऑप्टिमायझर, एकच मर्यादा, आणि गुणांसाठी वेगळे राखून ठेवलेले धक्के.

ऑपरेटरशी बोलणे फार उशिरा झाले. त्याच्या हातातले ज्ञान नियमांत आणायला फझी हे चांगले साधन आहे, हे मी मनापासून मानतो. पण ते ज्ञान गोळा न करता ४९ नियम लिहून त्यांचे आकार जेनेटिक अल्गोरिदमने ठरवले, तर फझीचा मूळ फायदाच हातचा जातो आणि उरते ती समजायला अवघड अशी एक नॉनलिनिअर पीआय.

वक्र बदलण्याचा प्रश्न नऊ नियमांनी सौम्य झाला, सुटलेला नाही. कोणती लाइन चालू आहे याचा सिग्नल पीएलसीला मिळाला तर योग्य वक्र आपोआप निवडता येईल, आणि तो सिग्नल प्लेटिंगच्या पॅनेलवर आजही उपलब्ध आहे. त्याहून भक्कम उपाय दोन टप्प्यांच्या उदासिनीकरणाचा: पहिल्या टाकीत पीएच ढोबळपणे वर आणायचा, दुसरीत फक्त शेवटची बारीक मात्रा. तसे केले तर प्रत्येक टप्प्यावरची अचूकतेची गरज इतकी उतरते की नीट ट्यून केलेला साधा पीआयही पुरेसा ठरावा. जागेअभावी दुसऱ्या टाकीचा प्रस्ताव मागे ठेवला गेला. पुढच्या विस्ताराच्या आराखड्यात तो पुन्हा घातला आहे, आणि त्यासोबत लाइनच्या सिग्नलची केबलही.